यम्माचं नववं वाचन

यम्माचं, माझ्या आईचं, विद्यापीठातलं कपाट रिकामं करून मी घरी परत येत होते आणि रोपवेच्या डब्यात माझ्यासमोर बसलेल्या दोन मुली तिला हसत होत्या. तिला, म्हणजे तिच्या आवाजाला. ती जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. डबा खालच्या स्टेशनातून सुटून दरीच्या तोंडाशी आला होता, दुपारचे तीन वाजले असावेत, आणि खिडकीकडच्या मुलीच्या मोबाइलमधून माझी आई इंग्रजी वाचत होती. मला आधी आवाज ओळखू आला नाही, श्वास ओळखू आला. ओळ सुरू करण्यापूर्वी ती नाकाने एक छोटा, घाईचा श्वास घ्यायची, थंड पाण्यात उतरणारं माणूस घेतं तसा. तो ऐकून माझा हात पिशवीच्या बंदावर आवळला गेला आणि मग डोक्याला कळलं की या आवाजाचं या डब्यात काही काम नाही. आवाज एका शब्दावर अडखळला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा तिथेच अडखळला. मुली एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. त्यांतल्या एकीने मांडीवरच्या कागदावर पेनाने एक रेघ मारली.

मी सहसा बोलत नाही. गेल्या एकोणचाळीस दिवसांत घरी आलेल्या प्रत्येक बाईने मला सांगितलं होतं की मी फार धीराची आहे. त्या प्रत्येकीच्या तोंडावर कॉफीचा कप फेकावा असं मला वाटलं होतं आणि मी प्रत्येकीला साखर किती विचारली होती. तासाभरापूर्वी भूगर्भशास्त्राच्या विभागप्रमुखांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. "तुमच्या आई म्हणजे या विभागाचा कणा होत्या, मादमवाझेल शहला," ते म्हणाले. मी म्हणाले, आभारी आहे. याच माणसाने दोन वर्षांपूर्वी तिला, प्रोफेसर झुलीखा बेन्सगनीला, अठ्ठावीस वर्षं भूजल शिकवलेल्या बाईला, हसत हसत सांगितलं होतं की आता काळ बदललाय, मादाम, पुढच्या वर्षापासून फळ्यावर इंग्रजी. आणि कारकुनाने कपाटातली एकेक वस्तू यादीत लिहून घेतली. हातोडी एक. भिंग एक. डोंगरात घालायचे बूट, जोडी एक. हातोडी सरकारी आहे का स्वतःची, यावर तो पाच मिनिटं विचार करत बसला. हातोडीच्या दांड्यावर यम्माच्या तळहाताने गुळगुळीत केलेला खळगा होता. तो मी त्याला दाखवला नाही. "स्वतःची," एवढंच म्हणाले आणि सही केली. तळाशी एक निळी फाइल होती. इंग्रजीच्या वर्गातले कागद. गाळलेल्या जागा भरा, योग्य रूप लिहा, उतारा वाचून उत्तरं द्या. प्रत्येक पानावर लाल शाईच्या खुणा आणि सगळ्यात वर, एका कोपऱ्यात, तिच्या टोकदार अक्षरात तिचं नाव आणि पुढे गट क्रमांक. हजेरीच्या पटावर पोरं लिहितात तसं.

हातोडी आता माझ्या पायाशी पिशवीत होती. समोरच्या मुलीचा मोबाइल हातोडीच्या एका घावात फुटेल, असा एक अतिशय स्वच्छ विचार माझ्या मनात आला, आणि तो आल्याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

इंग्रजीवर माझा राग नाही. माझं पोट इंग्रजीवर चालतं. मी शपथबद्ध भाषांतरकार आहे. जन्मदाखले, पदव्या, लग्नाचे कागद, हे देशाबाहेर निघालेल्या लोकांसाठी मी दिवसाचे आठ तास इंग्रजीत करते. माझा राग शाळेच्या बाकावर आहे. आमच्या घरात बाक कधी रिकामा राहिलाच नाही. माझे आजोबा फ्रेंचांच्या शाळेत शिकले, फ्रेंचमध्ये गणित शिकवू लागले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी त्यांना सांगण्यात आलं की आता अरबीत शिकवायचं. घरात अरबी बोलत होतेच की ते, पण लिहिता-वाचता येत नव्हती. पंचेचाळीसाव्या वर्षी ते संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसू लागले. घरी आले की आठ वर्षांची यम्मा त्यांचा धडा घ्यायची, कारण शाळेत ती तीच अक्षरं शिकत होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाटी ठेवायची, आजोबा लिहायचे, आणि चुकलं की ही पोरगी फुटपट्टी टेबलावर आपटायची. हे ती मला हसत सांगायची. "मारलं असतं तरी त्यांनी सोसलं असतं," म्हणायची. मला त्यात कधी हसू आलं नाही. मला नेहमी त्या माणसाची मान दिसायची, पाटीवर वाकलेली, न्हाव्याने मागे नीट कापलेले केस, कोट अंगातच. यम्मालाही ती दिसत असणार. आपल्याला पुन्हा कुणी असं बसवणार नाही म्हणून तिने दगड निवडले असतील. दगडांना भाषा लागत नाही असं तिला वाटलं असेल. पण दगडांबद्दल बोलायला लागते, आणि ती फ्रेंच होती, आणि ती फ्रेंच तिने इतकी आपलीशी केली की वर्गात तिचं वाक्य सुरू झालं की मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची. मी स्वतः एकदा बसले होते, बारा-तेरा वर्षांची असेन, शाळेला सुट्टी होती म्हणून ती मला घेऊन गेली होती. चुनखडीतून पाणी कसं खाली जातं हे ती सांगत होती. आवाज न चढवता. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, तरी तहान लागली होती हे आठवतं.

साठाव्या वर्षी तिची इंग्रजीची पातळी तपासायला विद्यापीठाने परीक्षा घेतली. ती नापास झाली. सहा महिन्यांनी पुन्हा घेतली. पुन्हा नापास झाली. वर्ग घेणारा मुलगा पंचवीस-सव्वीसचा होता, फार अदबीने वागायचा, आणि त्याची अदबच तिला सोसत नसे. घरी आली की ती शाल खुंटीला लावायची, कॉफी ठेवायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला बसायची. अनोळखी शब्दांशी तिचं काही भांडण नव्हतं. ते ती धरून, उलटून, पाठ करून टाकायची. तिला पाडायचे ते ओळखीचे शब्द. तिच्या विषयातले निम्मे शब्द दोन्ही भाषांत एकाच स्पेलिंगचे, अक्षर न अक्षर तेच, आणि तीस वर्षं तिच्या तोंडात बसलेले. इंग्रजी ओळ नीट चाललेली असायची आणि मध्येच असा एखादा शब्द दिसला की जीभ आपोआप फ्रेंच बोलून जायची. मग ती थांबायची, मागे यायची, पुन्हा त्याच शब्दाशी जायची आणि पुन्हा जीभ घराकडे वळायची. भिंतीपलीकडे माझ्या खोलीत मला ते सगळं ऐकू यायचं. पहिल्या महिन्यात तिने मला विचारलं होतं. "वीस मिनिटं माझ्यासमोर बस. मी वाचते. चुकलं की तू नुसता हात वर कर." मी म्हणाले, उद्यापासून. दिवसभर ऑफिसात तेच करून आलेली असायचे मी. उद्यापासून, यम्मा. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचाही मला राग आला. विचारलं असतं तर काय झालं असतं? पण मी तिला कधी टोचून बोलले नाही. एक शब्द नाही. दरीवर त्या डब्यात बसून मी स्वतःला हेच सांगत होते. निदान मी तिला हसले नाही.

तेवढ्यात डबा एक हिसका देऊन थांबला. खाली दरी, तळाशी नदीची मळकट रेघ, आणि वारा आमच्या काचेवर थडकत होता. मार्चमध्ये हे होतंच, वारा वाढला की रोपवे थांबवतात. डब्यात आम्ही चौघंच. दारापाशी एक म्हातारा होता, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, दोन्ही हातांनी मुलासारखा धरलेला.

"झालं," तो म्हणाला. "बायकोने सांगितलं होतं बसने जा. आता उतरेपर्यंत पिल्लं निघतील."

मुली हसल्या. त्या कशालाही हसत होत्या. आवाज चालूच होता.

"आणि हा कसला रेडिओ लावलाय गं पोरींनो?"

"रेडिओ नाही हाजी, आमच्या प्रोफेसर आहेत. इंग्रजी आहे."

"इंग्रजी?" म्हाताऱ्याने कान पुढे केला. "हे इंग्रजी? आमच्या नातवाचंही असंच असतं. मला वाटायचं त्याच्या दातांमुळे."

आता खिडकीकडची मुलगी इतकी हसली की तिला ओढणीचं टोक तोंडात धरावं लागलं. तिच्या हातात मोबाइल हलत होता आणि यम्मा त्या हलत्या हातात, चुनखडीतल्या भेगांबद्दल, तिसऱ्यांदा तीच ओळ वाचत होती. माझे कान तापले. कानांना स्वतःची नाडी असते हे मला तेव्हा कळलं.

"ती माझी आई आहे," मी म्हणाले.

मी हे मोठ्याने म्हणाले नव्हते. पण मुलीचा अंगठा स्क्रीनवर आपटला आणि आवाज बंद झाला. वाऱ्याचा तेवढा राहिला. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मग माझ्या पिशवीकडे, पिशवीतून वर आलेल्या बुटांकडे. ते बूट त्यांना ओळखीचे असावेत.

"अल्लाह त्यांच्यावर दया करो," दुसरी म्हणाली, जी कागदावर रेघा मारत होती. तिचा चेहरा उतरला होता. "मादाम, आम्ही… तुम्ही शहला का?"

माझं नाव तिला माहीत असल्याचा मला भयंकर राग आला. "पुसून टाक," मी खिडकीकडच्या मुलीला म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. आणि ज्यांना ज्यांना पाठवलं असशील त्यांनाही सांग पुसायला. मेलेल्या बाईला हसायला तुम्हाला आणखी काही मिळालं नाही?"

"मी कुणाला पाठवलं नाही."

"मग कुणी? त्या इंग्रजीच्या मास्तरने? त्याने रेकॉर्ड करून वाटलं ना हे?"

"नाही हो खालती," ती म्हणाली. खालती म्हणजे मावशी; मादामवरून ती एकदम मावशीवर आली होती. "त्यांनीच पाठवलंय. प्रोफेसरांनी. स्वतः, आमच्या ग्रुपवर."

मी म्हणाले, खोटं. असं कुणी करत नाही. माझी आई तर नाहीच. माझी आई अशी बाई होती की दारावर गॅसवाला आला तरी आधी केस बांधायची.

"रोफैदा, दाखव ना त्यांना," रेघावाली म्हणाली.

"दाखवते की. थांब विसाम, शोधते." रोफैदा माझ्या शेजारी येऊन बसली, डबा जरा कलला, आणि म्हाताऱ्याने "अंडी! अंडी!" असं ओरडून ट्रे छातीशी धरला. तिने मला मोबाइल दाखवला. एकाखाली एक अकरा आवाज होते, प्रत्येकाच्या पुढे यम्माचं नाव, आणि पहिल्याच्या वर यम्माने लिहिलेला मजकूर. फ्रेंचमध्ये होता, तिच्या नेहमीच्या कोरड्या चालीत, एकही शब्द जास्तीचा नाही. यंदापासून हा विषय इंग्रजीत आहे. तुम्हाला येत नाही, मलाही येत नाही. मी दर आठवड्याला एक प्रकरण वाचून पाठवीन. माझ्या चुका शोधून कागदावर लिहा. सर्वांत जास्त चुका शोधणाऱ्याला दोन गुण. हसायला हरकत नाही, पण हसलात तर चूक नक्की कुठे ते सांगता आलं पाहिजे.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे हात वर करायला तिने माणसं शोधली होती. ग्रुपवरची चाळीस माणसं. आणि घरात मला एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी माझ्यासमोर बसून ती पावाला लोणी लावत होती, आणि कुठल्याशा वीस वर्षांच्या विसामने आपली कुठली चूक पकडली हे तिच्या डोक्यात चालू असणार, आणि ती मला विचारत होती, संध्याकाळी येताना लिंबं आणशील का. शेवटी लिंबंही तीच आणायला गेली. लिंबांच्या दुकानापुढेच पडली, ती उठलीच नाही. चाळीस जणांना आवाज देऊन गेली आणि माझ्या मोबाइलमध्ये तिचा एक निरोप आहे, तीन सेकंदांचा, "गॅस बंद केलास का?"

"मग आता का लावून बसलात?" मी विचारलं. "आता कुणाचे गुण मिळवताय?"

"रविवारी, आठवडा उघडताच, पेपर आहे," रोफैदा म्हणाली. "त्यांच्या जागी कुणी आलंच नाही अजून. आमच्याकडे फक्त हे आहे. आम्ही ऐकतो आणि चुका सुधारत सुधारत पाठ करतो. पुसून टाकलं तर आम्ही काय लिहू?"

"ते मला विचारू नकोस."

"विचारतेय मी, खालती. कुणाला विचारू दुसऱ्या?" तिच्या आवाजातही आता धार आली होती. "तुम्हाला वाटतं आम्ही त्यांची टिंगल करतो. पहिल्या वर्षी दुसरे एक सर इंग्रजीत शिकवायचे ना, ते सगळं कागदावरून वाचायचे आणि प्रश्न विचारला की चिडायचे. आम्ही कोणीच तोंड उघडायचो नाही. यांच्या वर्गात आम्ही बोलायला लागलो. कारण आमच्यापेक्षा त्या जास्त चुकायच्या."

"जास्त नाही हं," विसाम म्हणाली. "सातव्यात फक्त एकवीस होत्या. माझ्या पंचवीस व्हायच्या."

"हिला काय मोजायचंच असतं."

"मोजायला त्यांनीच शिकवलं ना!"

म्हातारा आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. "बेटी," तो मला म्हणाला, "माझं ऐक. माझी आई गेली त्याला चाळीस वर्षं झाली. मला तिचा आवाज आठवत नाही. तोंड आठवतं, हात आठवतो, आवाज गेला. पुसायचंच असेल तर पूस, पण आधी स्वतः सगळं ऐकून घे. तसंही आत्ता आपण कुठे निघालोय?" आणि त्याने हनुवटीने खालच्या दरीकडे खूण केली.

मला तोही सल्ला नको होता. तरी मी म्हणाले, लाव. कुठलंही लाव.

रोफैदाचा अंगठा यादीवरून खाली गेला. विसामने तिचा दंड धरला. "नववं नको गं," ती हळूच म्हणाली. मी ते ऐकलं.

"नववं लाव," मी म्हणाले.

"खालती, सातवं छान आहे, सातव्यात त्या मध्येच—"

"नववं."

श्वास. "नववं वाचन," यम्मा फ्रेंचमध्ये म्हणाली, माझ्या कानापासून हातभर अंतरावर. "पेन घ्या." मग इंग्रजी सुरू झालं. मागे आमच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं, तो वॉशर बदलायचा राहिला आहे, अजूनही ठिबकतो. कॉफीचं भांडं सरकल्याचा आवाज. पावसाचं पाणी जमिनीत शिरतं, वाटेत हवेतलं आणि मातीतलं आम्ल घेतं, आणि खडकातल्या सांध्यांत उतरतं; हे ती वाचत होती, जड, एकेक शब्द पायरीसारखा चाचपत, आणि ओळखीच्या शब्दांवर नेमकी घसरत. पहिल्या पानात मी नकळत मोजू लागले होते. चार. पाच. एका लांब वाक्याच्या मध्यावर किल्ली फिरल्याचा आवाज आला. दार. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. यम्मा थांबली नाही. पावलं जवळ आली, आणि मग एक बाई बोलली.

"यम्मा, पुरे कर गं." दमलेला, पातळ आवाज होता तो. "एकेकाळी लोक तुला ऐकायला बसायचे. आता ऐकवत नाही. खरंच ऐकवत नाही. निदान दार लावून घेत जा, शेजारी काय म्हणत असतील."

एक क्षण मला वाटलं, ही कोण? कुठली ही उद्धट बाई आमच्या स्वयंपाकघरात शिरली? मग मी तो आवाज ओळखला. मुली खाली पाहत होत्या. म्हातारा अंडी पाहत होता. मोबाइलमध्ये दार लागल्याचा आवाज झाला. आपटून नाही, नीट, कडी बसेपर्यंत. मी दारं आपटत नाही. आणि त्यानंतर काहीच नाही. नळ ठिबकत होता. मला तो दिवस आठवत नव्हता. अजून आठवत नाही. नोव्हेंबरातला कुठलाही एक दिवस असेल, मी घरी आले असेन, बोलले असेन, माझ्या खोलीत जाऊन कानात गाणं लावून पडले असेन, नंतर उठून आम्ही दोघी सूप प्यायलो असू. इतकं किरकोळ होतं ते माझ्या लेखी की लक्षातही राहिलं नाही. आणि या मुलींना पाठ होतं. रविवारच्या पेपरच्या आधी चाळीस जण हे ऐकतात, पाणी, आम्ल, सांधे, आणि मग मी, आणि मग पुढचं वाक्य. मी त्यांना कुठून माहीत होते, ते मला समजलं.

"ग्रुपवर एकाने म्हटलं होतं, तेवढा तुकडा कापून टाकतो," विसाम खालमानेनेच म्हणाली. "प्रोफेसर म्हणाल्या, राहू दे. माझी मुलगी शहला. तिला इंग्रजी उत्तम येतं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि म्हणाल्या, पुढचं नीट ऐका."

नळ ठिबकतच होता. इतका वेळ की मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. मग श्वास आला, नेहमीचा घाईचा नाही, लांब, तळापासून ओढलेला, आणि यम्मा पुन्हा वाचू लागली. मोठ्याने. मी तिचा असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. तिने वर्गात कधी आवाज चढवला नाही, घरात नाही, वडील सोडून गेले तेव्हाही नाही. आता ती बंद दाराकडे तोंड करून वाचत होती, हे ऐकू येत होतं; आवाज भिंतीवर जाऊन आपटत होता. शब्द चुकत होते. पहिल्यापेक्षा जास्त चुकत होते. पण आता ती मागे जात नव्हती. फ्रेंच येत होतं तर फ्रेंचसकट, मोडक्या क्रियापदांसकट, ती त्या वाक्यांना दाराच्या अंगावर फेकत होती, एकामागून एक, आणि टेबलावर काहीतरी लाकडी आपटत होतं, प्रत्येक पूर्णविरामाला एकदा. दीड वर्षं मी भिंतीपलीकडून एक म्हातारी, बिचारी, अडखळणारी बाई ऐकत आले होते. तिची कीव करत आले होते. एकोणचाळीस दिवस तिच्या वतीने मी विभागप्रमुखांवर, कारकुनावर, कॉफी पिणाऱ्या बायकांवर रागावले होते, जणू तिला स्वतःला तेवढा राग येत नसावा. तो इथे होता. सगळा. माझ्यापेक्षा किती तरी मोठा, आणि त्यात माझाही वाटा होता.

"बाप रे," म्हातारा पुटपुटला. "ही बाई भांडतेय."

कुणी हसलं नाही. रोफैदाने मोबाइल माझ्यापुढे धरला होता, तिचा अंगठा स्क्रीनवर लाल खुणेजवळ थांबला होता, आणि तिचे डोळे माझ्याकडे होते. "पुसू का, खालती?" तिने विचारलं. तिला रडू येत होतं, पण ती माझ्यावर चिडलेलीही होती, आणि त्याबद्दल मला ती त्या क्षणी आवडली.

डबा पुन्हा हिसकला. वर कुठेतरी चाकं फिरू लागली, तारेची घरघर डब्यात भरली, पायाखालची दरी सरकू लागली आणि त्या घरघरीत यम्माचा आवाज बुडू लागला.

"आवाज वाढव," मी म्हणाले.